खुर्ची आडवी झाली, मान वाकलेलीच: दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या दुखण्याची पार्श्वभूमी

दातांचं काम फार काळ उभ्यानेच चाललं. लंडनच्या जेम्स स्नेल यांनी १८३२ मध्ये मागे कलणारी खुर्ची केली. १८७७ मध्ये पंपाने वरखाली होणारी विल्करसन यांची खुर्ची आली, तरी डॉक्टर बाजूला उभाच. त्याआधी, १८७१ मध्ये जेम्स मॉरिसन यांचं पायट्याचं ड्रिल आलं होतं. म्हणजे एक पाय पायट्यावर, सगळा भार दुसऱ्यावर, आणि कंबर पिळलेली.

डॉक्टर खाली बसला तो ड्रिलमुळेच. १९५७ मध्ये आलेला जॉन बॉर्डन यांचा एअरोटर हवेच्या दाबावर मिनिटाला सुमारे ३ लाख फेरे घेई. एवढ्या वेगाने दात तापतो, म्हणून पाण्याचा फवारा लागतो. फवाऱ्याचं पाणी तोंडात साचतं, ते ओढायला जोरदार सक्शन लागतं आणि ते धरायला दुसरा माणूस. १९५८ मध्ये पूर्ण आडवी होणारी खुर्ची मिळाली आणि साठच्या दशकात अमेरिकेत ‘चार हातांचं’ काम रुळलं: डॉक्टर बसलेला, समोर सहायक, रुग्ण निजलेला.

दुखणं मात्र थांबलं नाही. त्याच दशकात स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी मणक्यांमधल्या चकतीवरचा दाब मोजला. टेकू न घेता बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. शिवाय बसलेला डॉक्टर हलत नाही. मान पुढे, कोपर उचललेलं, अशा स्थितीत स्नायू आखडलेलाच राहतो, त्याला रक्त कमी पोचतं आणि तो लवकर थकतो. एरवी चार-पाच किलोंच्या डोक्याचा मानेवरचा भार ३० अंश वाकल्यावर १८ किलोंपर्यंत जातो, असं २०१४ मधलं एक गणित सांगतं. ते प्रत्यक्ष मोजमाप नव्हे, प्रतिमानावरचा हिशोब आहे. पण दिशा बरोबर आहे.

हे मोजायची साधनं उशिरा आली. १९८७ ची नॉर्डिक प्रश्नावली शरीराचे नऊ भाग घेऊन गेल्या १२ महिन्यांतला आणि ७ दिवसांतला त्रास विचारते. १९९३ ची ‘रुला’ पद्धत हात, मान आणि धड यांच्या कोनांवरून १ ते ७ गुण देते. ७ म्हणजे कामाची ढब ताबडतोब बदला. ही साधनं विद्यार्थ्यांवर लावल्यावर कळलं की त्रास व्यवसायात पडण्याआधीच सुरू होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या दंत महाविद्यालयातल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४६ ते ७१ टक्के विद्यार्थ्यांनी अंगदुखी सांगितली आणि वर्षागणिक हे प्रमाण वाढत गेलं.

भारतात या बदलाचा अर्धाच भाग पोचला, असं आमचं मत. आडवी खुर्ची आणि एअरोटर आले, समोरचा सहायक बहुतेक महाविद्यालयांत आला नाही. विद्यार्थी एका हातात आरसा, दुसऱ्यात हँडपीस, म्हणजे ड्रिलची मूठ, धरतो. गाल आणि जीभ त्यानेच आवरायची, सक्शनची बारीक नळी ओठात अडकवलेली. पाणी साचलं की आरसा दिसेनासा होतो आणि थेट बघायला मान वाकते.

वाकायची सवय तर त्याच्याही आधीची. बीडीएसच्या पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरताना ठोकळा टेबलाजवळ राहतो आणि डोकं त्याच्यापर्यंत खाली जातं. पुढे फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या नकली डोक्यावर, वरच्या दाढा आरशात बघून कोरायच्या असतात. आरशात हालचाल उलटी दिसते, हात बसायला आठवडे लागतात. सबमिशन जवळ आलं की विद्यार्थी आरसा सोडून थेट वाकून बघतो. कोणी हटकत नाही, कारण गुण कॅव्हिटीला, म्हणजे दातात कोरलेल्या खड्ड्याला असतात, बसण्याला नसतात. तिसऱ्या वर्षी रुग्ण येतो तोवर हे अंगात भिनलेलं असतं. रुग्णाला पूर्ण आडवं झालं की अवघडल्यासारखं होतं, म्हणून खुर्चीची पाठ अर्धीच पाडली जाते. मग वरचा जबडा दिसत नाही. डोकं वळवा, हनुवटी वर करा, हे रुग्णाला सांगता येतं, पण फँटमच्या सवयीने विद्यार्थी स्वतःच वळतो.

रुग्णाचं तोंड हा घड्याळाचा मध्य आणि त्याच्या डोक्यामागची जागा १२ मानली, तर उजव्या हाताने काम करणाऱ्याने ९ ते १२ या पट्ट्यात बसायचं असतं. वरच्या दाढांसाठी रुग्ण सपाट, बसायची जागा १२ च्या जवळ; खालच्या जबड्यासाठी पाठ सुमारे २० अंश उचललेली आणि हनुवटी खाली. रुग्णाचं तोंड आपल्या कोपराच्या पातळीला हवं. वर असेल तर खांदे उचलले जातात, खाली असेल तर पाठ वाकते. आधी स्वतःचं स्टूल, मग रुग्णाची खुर्ची. हा क्रम उलटा झाला की उरलेली तडजोड कंबर करते.

हाताच्या दुखण्याचं कारण वेगळं आहे. स्केलिंगमध्ये, म्हणजे दातांवरचा थर खरवडताना, बोथट हत्याराला जास्त जोर लागतो, आणि बारीक मुठीला आणखी. २००६ च्या एका प्रयोगात १० मिलिमीटर जाडीची, १५ ग्रॅमची गोल मूठ सर्वांत कमी चिमटीच्या जोरात चालली. म्हणून क्युरेट, म्हणजे खरवडायचं हत्यार, घेताना मुठीची जाडी बघावी आणि धार प्रत्येक रुग्णाआधी तपासावी. लूप, म्हणजे दात मोठा दाखवणारा चष्मा, वापरायचे तर कामाचं अंतर स्वतःच्या बसण्यावरून मोजून घ्यावं. सीनियरकडून उसने घेतलेले लूप त्याच्या उंचीचे असतात, आणि त्यांतून दात स्पष्ट दिसावा म्हणून पुन्हा मानच वाकवावी लागते.