अपघाताचा रुग्ण ॲडमिट आहे: मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज कुठे अडतो

मुख्यमंत्री सहाय्यता निधीचे पैसे नातेवाइकांच्या खात्यात येत नाहीत. मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होते, आणि झालेल्या खर्चाची भरपाई म्हणून ती मिळत नाही. त्यामुळे दागिने गहाण टाकून बिल भरलं, पेशंटला घरी आणलं आणि मग पावत्यांची जाडजूड फाइल घेऊन अर्ज करायला गेलं, तर हात हलवत परत यावं लागतं. अशी माणसं दर महिन्याला दिसतात. अर्ज पेशंट खाटेवर असतानाच जायला हवा. पूर्ण बिल निघेल ही आशाही धरू नका, मदत खर्चाच्या काही भागाचीच असते.

त्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढरं रेशनकार्डसुद्धा चालतं. अट एवढीच, की रुग्णालय योजनेच्या यादीत हवं आणि उपचारही. चौकशीला १५५३८८. इथे काम होत असेल तर निधीकडे जायची गरजच नाही, आणि निधीवालेही पहिल्यांदा हेच विचारतात. मे २०२५ पासून रस्ते अपघातासाठी केंद्राची कॅशलेस योजनाही आहे: अपघाताच्या तारखेपासून जास्तीत जास्त ७ दिवस, दीड लाखापर्यंत. हे सात दिवस अपघातापासून मोजायचे, मोठ्या दवाखान्यात हलवल्यापासून नाही.

या दोन्हींत बसत नसेल, तर निधीचा अर्ज. आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट, विहित नमुन्यातला अर्ज हे बहुतेकांकडे असतं किंवा तासाभरात होतं. रुग्णालयाची नोंद निधीच्या प्रणालीवर आहे का, हे बिलिंग काउंटरवर विचारून घ्या. नसेल तर बाकीची धावपळ वाया. पेशंटचा खाटेवरचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद) असलेला फोटोही लागतो. आयसीयूत मोबाइल नेऊ देत नाहीत, तेव्हा सिस्टरना कारण सांगून काढून घ्या.

खरा घोळ तीन कागदांचा आणि एका नावाचा.

पहिला, एफआयआर किंवा एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांत जाणाऱ्या प्रकरणाची दवाखान्यातली नोंद). अपघाताच्या अर्जाला याशिवाय किंमत नाही. आणि नेमका हाच कागद कित्येक घरं स्वतःच्या हाताने घालवतात. गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं, हेल्मेट नव्हतं, किंवा समोरचा गावातलाच निघाला आणि ‘आपसात मिटवून टाकू’ ठरलं, म्हणून दवाखान्यात सांगतात, ‘जिन्यावरून पडला.’ केसपेपरवर तेच लिहिलं जातं. पुढे खर्च लाखांत गेला की सगळ्यांना अपघात आठवतो, पण कागदावर तो झालेलाच नसतो. निधी, कॅशलेस, विमा, अपघात भरपाईचं न्यायाधिकरण, सगळीकडे हा जिना आडवा येतो. पोलिसांची भीती वाटते हे खरं, पण दवाखान्यात खरं तेच सांगा.

एमएलसी बहुधा पहिल्या दवाखान्यात होते, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात वगैरे. तिथून पेशंट पुण्या-नाशकाला हलवला की नव्या रुग्णालयाच्या कागदावर फक्त ‘एमएलसी बाहेर झाली’ एवढीच ओळ येते. त्यामुळे घरातल्या एकाने मागे राहून पहिल्या ठिकाणची प्रत, निदान नंबर, मिळवायचा. अपघात एका जिल्ह्यात आणि पेशंट दुसऱ्या, म्हणून ठाणी एकमेकांकडे बोट दाखवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. फिर्याद देणाऱ्याला प्रत फुकट मिळते, ‘झेरॉक्सचे पैसे’ द्यायचे नाहीत.

दुसरा कागद खर्चाचं अंदाजपत्रक. लोक आतापर्यंतची बिलं जोडतात. मागितलेला असतो पुढचा अंदाजित खर्च, रुग्णालयाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. खाजगी रुग्णालय असेल तर त्यावर सिव्हिल सर्जनचं प्रमाणपत्र हवं, आणि हे रुग्णालय तुम्हाला आपणहून सांगेलच असं नाही. सिव्हिल सर्जन बैठकीला गेलेत, उद्या या, हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. जिवावर बेतलेल्या पेशंटच्या माणसाला एका शिक्क्यासाठी दिवसभर व्हरांड्यात बसवणं ही व्यवस्था कुणाच्या सोयीची आहे, देव जाणे. सकाळी लवकर जा, अंदाजपत्रकाच्या दोन प्रती न्या.

तिसरा, उत्पन्नाचा दाखला. तहसीलदाराचा हवा, चालू वर्षाचा हवा आणि उत्पन्न वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आत हवं. तलाठ्याचा किंवा सरपंचाचा चालत नाही. मुलाच्या ॲडमिशनसाठी काढलेला गेल्या वर्षीचा दाखला तर हमखास जोडला जातो आणि हमखास परत येतो. अपघात मार्चअखेरीस झाला असेल तर विशेष सांभाळा, एप्रिलपासून वर्ष बदलतं. दाखला लगेच हातात पडत नाही, म्हणून दवाखान्यात सगळे जमण्यापेक्षा एकाला पहिल्याच दिवशी गावाकडे सेतू केंद्रात पाठवा. कॉरिडॉरमध्ये आठ जण बसून पेशंट लवकर बरा होत नसतो.

चौथी अडचण नावाची. रात्री दोनला ॲडमिट करताना कुणीतरी ‘बाळू’ सांगतो, आधारवर ‘बाळासाहेब’ असतं. दुसऱ्या दिवशीच नोंदणी काउंटरवर दुरुस्त करून घ्या, कारण नंतर प्रत्येक रिपोर्टवर तेच नाव छापून येतं.

सगळं वाचता येईल अशा पीडीएफमध्ये स्कॅन करून पाठवायचं. मोबाइलवर तिरपे काढलेले फोटो नकोत. मूळ कागद टपालाने जातात, म्हणून आधी प्रती काढून ठेवा. मंत्रालयात खेटे घालायची गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयातही आता कक्ष आहे. ‘साहेबांची ओळख आहे, काम करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. अर्ज मोफत आहे.

पेशंट स्थिरावला की एक तारीख डोक्यात ठेवा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईच्या अर्जाची मुदत, १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, अपघातापासून ६ महिने आहे. डिस्चार्जपासून नाही, प्लास्टर काढल्यापासून नाही. या अटीला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. दावा अपघाताच्या ठिकाणीच करायचा असंही नाही, तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो.

धडक देऊन गाडी पळाली, नंबर मिळाला नाही, म्हणून बरेच जण सोडून देतात. सोडू नका. गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख अशी २०२२ ची वेगळी भरपाई योजना आहे. साधं हाड मोडणंसुद्धा कायद्याने गंभीर दुखापतीत येतं. नमुना १ भरून, एफआयआर, दुखापतीचा अहवाल, दवाखान्याचं बिल, ओळखपत्र आणि पासबुकाची प्रत जोडून तो प्रांत किंवा तहसीलदारांकडे द्यायचा. ‘अशी योजना आमच्याकडे नाही’ असं खिडकीवर ऐकायला मिळालं, तर अर्ज आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.