स्वातंत्र्य की स्वायत्तता? तिबेटी चळवळीची पार्श्वभूमी

तिबेटची राजधानी ल्हासा इथे १० मार्च १९५९ ला चीनच्या राजवटीविरुद्ध झालेला उठाव आणि दलाई लामांचं भारतात येणं नव्याने सांगायला नको. त्या वर्षी, मग १९६१ आणि १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तिबेटवर ठराव केले. भारत पहिल्या वेळी तटस्थ होता. १९६५ मध्ये ठरावाच्या बाजूने गेला (मधे १९६२ चं चीनशी युद्ध घडलं होतं). १९७१ मध्ये साम्यवादी चीनला संयुक्त राष्ट्रांत जागा मिळाली आणि विषय मागे पडला.

आजच्या मोहिमेचा तोंडवळा घडला तो १९८७-८८ मध्ये. २१ सप्टेंबर १९८७ ला दलाई लामांनी वॉशिंग्टनमध्ये पाच कलमी शांतता योजना मांडली. आठवडाही झाला नव्हता, तोच ल्हासात काही भिक्षू बंदी असलेला तिबेटचा हिमसिंहांचा ध्वज घेऊन बारखोरवरून चालू लागले. जोखांग मंदिराभोवतीचा हा प्रदक्षिणेचा रस्ता, भाविकांच्या रोजच्या पायाखालचा. अटका झाल्या, १ ऑक्टोबरला पोलीस चौकी पेटली, गोळीबार झाला. परदेशी पर्यटकांनी हे समोर पाहिलं. बातम्या आणि छायाचित्रं बाहेर गेली, युरोप-अमेरिकेत पाठिराख्यांचे गट उभे राहिले. मार्च १९८९ मध्ये ल्हासात लष्करी कायदा लागला.

याच धामधुमीत, १५ जून १९८८ ला, दलाई लामांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला एक नवा प्रस्ताव जाहीर केला: चीनमध्येच राहून स्वायत्तता. परराष्ट्र व्यवहार चीनकडे राहू द्यायला ते तयार झाले. थोडक्यात, पूर्ण स्वातंत्र्याची मागणी सुटली. कारण उघड होतं: 'स्वातंत्र्य सोडून कशावरही बोलू,' असा निरोप बीजिंगने १९७९ मध्येच दिला होता. पण त्याच आठवड्यांत ल्हासाच्या तुरुंगांत माणसं होती ती स्वातंत्र्याच्या घोषणा दिल्या म्हणून. निर्वासितांतल्या तरुणांच्या सर्वांत मोठ्या संघटनेला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटलेलं नाही. कर्नाटकातल्या बैलकुप्पेत किंवा आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या वसाहतीत जन्मून ल्हासा कधीच न पाहिलेल्या अनेकांच्या तोंडी 'रंगझेन', म्हणजे स्वातंत्र्य, हीच घोषणा असते.

बीजिंगने प्रतिसाद दिला नाही, तेव्हा १९९१ मध्ये दलाई लामांनी स्ट्रासबर्गचा प्रस्ताव आपल्यावर बंधनकारक नसल्याचं सांगितलं. भूमिका मात्र तीच राहिली. १९९७ च्या सुमारास, मागणी नेमकी काय असावी यावर निर्वासितांत सार्वमत घ्यायचं घाटलं. त्याआधी घेतलेल्या चाचणी कौलात बहुसंख्यांनी 'दलाई लामा ठरवतील ते मान्य' म्हटलं आणि सार्वमत बारगळलं. श्रद्धेचा कौल आणि राजकीय कौल इथे एकत्र मोजले गेले, हा टीकाकारांचा आक्षेप मला बिनतोड वाटतो.

२००२ पासून दलाई लामांचे प्रतिनिधी आणि बीजिंग यांच्यात चर्चेच्या फेऱ्या झाल्या. तिबेटी बाजूच्या २००८ च्या निवेदनात भाषा, शिक्षण, पर्यावरण वगैरे ११ विषय चीनच्याच राज्यघटनेच्या चौकटीत मागितले होते. खरी अडचण नकाशाची होती: १९६५ मध्ये आखलेल्या स्वायत्त प्रदेशाबाहेर, छिंगहाई, सिछुआन, गान्सू आणि युन्नानमध्ये निम्म्याहून जास्त तिबेटी राहतात, आणि त्या सगळ्यांसाठी एकच कारभार हवा होता. बीजिंगने याला आडून मागितलेलं स्वातंत्र्य ठरवलं. जानेवारी २०१० नंतर उघड फेरी झालेली नाही.

त्यानंतर मोहिमेचं पारडं मानवी हक्कांकडे झुकलं. २००९ पासून दीडशेहून जास्त तिबेटींनी स्वतःला पेटवून घेतलं. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी निवासी शाळांमुळे घरापासून तुटलेल्या सुमारे दहा लाख मुलांचा प्रश्न काढला. आणि जुलै २०२५ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, दलाई लामांनी आपली परंपरा पुढे चालेल आणि वारस शोधायचा अधिकार आपल्याच न्यासाचा असेल, असं जाहीर केलं. हा वारस म्हणजे आधीच्या लामांचा पुनर्जन्म, अवतार मानला जातो; अशा अवताराला सरकारची मंजुरी लागेल, हा चीनचा नियम २००७ पासून आहे.