नेट चालू, मग फोन मुका का?

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका ओळखीच्या ऑफिसातून मला फोन आला, अर्थात मोबाइलवरून. रस्त्याच्या खोदकामात त्यांची फायबर तुटली होती. राउटर ठरल्याप्रमाणे दुसऱ्या लाइनवर गेला होता. मेल येत होते, व्हॉट्सअ‍ॅप चालत होतं, पण टेबलांवरचे इंटरनेट फोन गप्प. रिसेप्शनच्या ताईंनी त्यांचा फोन दोनदा रीस्टार्ट केला, उपयोग नाही. मग कुणीतरी म्हणालं, "गरम झालाय, पाच मिनिटं बंद ठेवा." ठेवला, आणि खरंच चालू झाला!

तो गरमबिरम काही झाला नव्हता. पाच मिनिटांनीच का चालला, याचं कारण मला फार आवडतं.

ऑफिसातल्या यंत्रांचे पत्ते खासगी असतात, बहुतेकदा १९२.१६८ ने सुरू होणारे. बाहेर ते चालत नाहीत. म्हणून राउटर जाणाऱ्या पॅकेटवर (माहितीच्या छोट्या गठ्ठ्यावर) त्या लाइनचा सार्वजनिक पत्ता घालतो आणि वहीत नोंद करतो: आतला फोन कोणता, बाहेरचा सर्व्हर कोणता, पत्ता कोणता घातला. उत्तर आलं की वही बघून आत पोचवतो. ही नोंद पहिल्या पॅकेटलाच होते. पुढची पॅकेटं तीच नोंद पाहून रवाना होतात.

ब्राउझर सतत नव्या जोडण्या उघडतो, त्यामुळे नवी नोंद आणि नव्या लाइनचा पत्ता. फोनचं तसं नाही. तो बहुधा स्वतःच्या ५०६० पोर्टवरून (पोर्ट म्हणजे इथे यंत्रातल्या दाराचा क्रमांक) फोन कंपनीच्या सर्व्हरच्या ५०६० पोर्टशीच बोलत राहतो, रीस्टार्टनंतरही. राउटरच्या लेखी हे जुनंच संभाषण. मग पॅकेट निघतं दुसऱ्या लाइनने, पण त्यावर पत्ता तुटलेल्या फायबरचा! पुढची कंपनी परका पत्ता पाहून ते टाकून देऊ शकते, आणि पोचलंच तर उत्तर फायबरच्या दिशेने जाऊन हरवतं. सिप म्हणजे इंटरनेट फोन कॉल जोडायला वापरतात ती बोली. तिच्या २००२ सालच्या मानकाप्रमाणे कॉलची विनंती अर्ध्या सेकंदाने, मग एका, दोन, चार अशा दुप्पट अंतराने पुन्हा जाते आणि ३२ सेकंदांनी फोन हार मानतो. तोवर माणसाने रिसीव्हर ठेवलेला असतो.

वहीतली नोंद पुसली कधी जाते? हे फोन बहुधा ज्या पद्धतीने पॅकेटं पाठवतात त्या यूडीपीत निरोप घ्यायची पद्धतच नाही, म्हणून राउटर शांततेवरून ठरवतो. लिनक्सवरच्या राउटरांत, दोन्हीकडून बोलणं झालेलं असेल तर, ही मुदत साधारण १२० किंवा १८० सेकंद असते. पण नोंद टिकावी म्हणून फोन दर २०-३० सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवतो, आणि दरवेळी मुदत नव्याने सुरू होते. त्यामुळे चुकीची नोंदही मरत नाही. रीस्टार्टला लागतं मिनिटभर, म्हणजे मुदतीच्या आतच. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद.

"दुसरी लाइन घ्या, काळजी मिटली" या जाहिरातीवर म्हणूनच विसंबू नये. ९९.९९ टक्के म्हणजे वर्षाला जेमतेम ५२ मिनिटं बंद, पण हा आकडा लाइनचा असतो, तुमच्या फोनचा नाही.

या ऑफिसने सुरुवातीला चाचणी घेतली होती. राउटरमधून फायबरकडची वायर उपटली, फोन चालले, सगळे खूश. पण वायर खोचायची जागा, म्हणजे राउटरचा पोर्टच मेला की बरेच राउटर त्या पोर्टच्या नोंदी पुसून टाकतात. प्रत्यक्षात केबल तुटते दोन किलोमीटरवर. भिंतीवरचा ओएनटीचा डबा (फायबर जिथे येऊन संपते तो) चालू, त्याची वायर शाबूत, पोर्टचा दिवा हिरवा. राउटर पिंग करून, म्हणजे बाहेरच्या यंत्राला हाक मारून, लाइन गेल्याचं ओळखतो, रस्ता बदलतो, वही मात्र तशीच ठेवतो.

म्हणून चाचणी घेताना ओएनटीत शिरणारी फायबर काढा (तिच्या टोकात डोळा लावून बघू नका) आणि मग डायल करा. लाइन बदलताच फोनच्या नोंदी पुसण्याची सोय राउटरमध्ये करून घ्या. येणाऱ्या कॉलचं दुखणं वेगळं: फोन पुन्हा नाव नोंदवेपर्यंत सर्व्हर जुन्याच पत्त्यावर कॉल पाठवतो, आणि ही मुदत अनेक फोनांत ३६०० सेकंद असते. ती ३०० वर आणा.

मग फायबर परत जोडा आणि पुन्हा डायल करा. हे कुणी करत नाही. त्या ऑफिसची फायबर दुसऱ्या दिवशी दुपारी जोडली आणि फोन पुन्हा गेले: आता पॅकेटं फायबरने निघत होती, पत्ता दुसऱ्या लाइनचा घेऊन. लाइन तर दुरुस्त झाली होती, म्हणून संध्याकाळपर्यंत कुणी तक्रारच केली नाही.