पीएम विश्वकर्मा योजना : जुन्या वाड्या-देवळांची कामं करणाऱ्या कारागिरांचे अर्ज कुठे अडकतात

आधी एक सांगतो, केंद्र सरकारची ही योजना हाताने काम करणाऱ्या पारंपरिक कारागिरांना ट्रेनिंग, अवजारं आणि कर्ज देते, ती वाड्याच्या मालकासाठी नाही. पणजोबांचा वाडा पडायला आलाय, यातून दुरुस्तीला काही मिळेल का, असं दरवेळी कोणीतरी विचारतंच. नाही मिळत. पैसे आहेत ते त्या वाड्याचा कडीपाट (लाकडी छत) बदलणाऱ्या सुताराला, चुन्यात भिंत बांधणाऱ्या गवंड्याला, देवळाचा निखळलेला दगड घडवून बसवणाऱ्या पाथरवटाला. ही माणसं टिकली तरच वाडे टिकणार, पण अर्ज अडकतात ते यांचेच.

योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, 2027-28 पर्यंत 13,000 कोटींची तरतूद आहे आणि 18 पारंपरिक धंदे त्यात बसतात. आपल्या कामाचे त्यातले सुतार, गवंडी, लोहार आणि मूर्तिकार-पाथरवट. वय 18 पूर्ण हवं, काम स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या जिवावर करत असलं पाहिजे, घरात कोणी सरकारी नोकरीत नसावं. जातीचा दाखला लागत नाही, तो काढायला उगाच तहसीलच्या चकरा मारू नका. नोंदणी सीएससी सेंटरवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रावर होते, तिथे गेल्यावर आपल्या धंद्याची नोंदणी सध्या घेतायत का ते पहिलं विचारा.

कागद म्हणाल तर आधार, आधारला जोडलेला मोबाईल, बँक पासबुक आणि रेशन कार्ड, एवढंच. पण खरी गोची कागदात नाही, बोटांत आहे. आयुष्यभर चुना कालवलेला किंवा छिन्नी धरलेला माणूस मशीनवर अंगठा ठेवतो आणि ठसा उठतच नाही, कारण रेषाच झिजलेल्या असतात. ऑपरेटर दोनदा बघतो आणि म्हणतो उद्या या, आणि उद्याही तेच. म्हणजे हाताने काम करतो हे सिद्ध करायचं ते हातानेच, आणि काम केलं म्हणूनच हात नापास! त्यामुळे सीएससीला जायच्या आधी आधार केंद्रावर बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, दहाही बोटं देऊन बघा, एखादं तरी चालतं, आणि डोळ्यांच्या स्कॅनची सोय कुठल्या सेंटरवर आहे तेही विचारून ठेवा.

दुसरी अडचण रेशन कार्डाची. लाभ कुटुंबात एकालाच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. दोन लग्न झालेले भाऊ म्हणजे नियमाने दोन कुटुंबं, पण गावाकडे दोघंही अजून वडिलांच्याच कार्डावर असतात आणि एकाचा अर्ज गेला की दुसऱ्याला सांगतात तुमच्या घरातून झालाय. कार्ड विभक्त करून मगच अर्ज भरा, त्याला वेळ लागतो म्हणून आत्ताच सुरुवात करा. रेशन कार्डच नसेल तर घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं लागतात.

तिसरं म्हणजे 5 वर्षांची अट, जी हमखास चुकीची वाचली जाते. गेल्या 5 वर्षांत पीएमईजीपी (नवा उद्योग सुरू करायची), मुद्रा (छोट्या धंद्याची) किंवा स्वनिधी (फेरीवाल्यांची) या सरकारी योजनांतलं कर्ज घेतलं असेल तर बाद, एवढंच लोक ऐकतात आणि घरी जातात. अहो, मुद्रा आणि स्वनिधी पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं, फक्त बँकेकडून नील दाखला, म्हणजे काही बाकी नाही असा कागद, घेऊन ठेवा. पीएमईजीपीला मात्र ही सूट नाही. आणि 5 वर्षं मोजायची ती कर्ज मंजूर झालं त्या तारखेपासून, शेवटचा हप्ता भरला तिथून नाही.

धंदा एकच निवडायचाय. वाड्याच्या कामात माणूस भिंतही बांधतो आणि दगडही घडवतो हे मान्य, पण फॉर्मला ते कळत नाही. ज्याची अवजारं रोज हातात असतात आणि गावात ज्या नावाने ओळखतात तेच लिहा, कारण पहिली पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे असते, मग जिल्हा समिती, मग छाननी समिती. पहिल्याच पायरीवर अर्ज महिनोन् महिने पडून राहतो, कारण पंचायतीचं लॉगिनच कोणी उघडत नाही. कामाच्या साइटवर दोन तालुके सोडून असलात तरी पत्ता ज्या गावचा त्याच पंचायतीत जाऊन अर्ज नंबर दाखवा, नुसतं ऑनलाइन स्टेटस बघत बसून काही हलत नाही.

मंजूर झाल्यावर 5 ते 7 दिवसांचं ट्रेनिंग, रोजचे 500 रुपये. अवजारांचे 15,000 व्हाउचरने मिळतात, रोख खात्यात येत नाहीत, म्हणून पासबुक भरून काही सापडणार नाही. कर्ज पहिलं 1 लाख, फेड 18 महिन्यांत, व्याज 5 टक्के, तारण नाही. तारण नाही म्हणजे बँक जुनी थकबाकी बघत नाही असं मात्र समजू नका. पुढचं 2 लाखांचं कर्ज पहिलं नीट फेडणाऱ्यालाच, आणि त्यासाठी डिजिटल व्यवहार किंवा पुढचं ट्रेनिंगही लागतं, म्हणून मुकादमाकडून निदान थोडी मजुरी तरी फोनवर घ्यायला लागा. आणि हो, नोंदणी फुकट आहे, कोणी फॉर्मचे पैसे मागितले तर देऊ नका.