‘कंपनीची बस आहे ना, मग त्रास कसला?’

हडपसरहून रांजणगावला किंवा कोथरूडहून चाकणला रोज जाणाऱ्याला हे घरीही ऐकावं लागतं. बसमध्ये झोप होते, हळूहळू सवय पडते, असा समज आहे. दोन्ही चूक.

झोपेचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं. चाकणच्या तळेगाव चौकात ब्रेकवर ब्रेक लागत असताना मान लटकवून बसलेल्याला मिळते ती डुलकी. फिरती पाळी असेल तर आणखी अवघड: शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं, बहुतेकांचं ते रात्रपाळीशी पुरतं जुळतच नाही. मग चिडचिड, विसराळूपणा, पोरांवर ओरडणं. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. (स्वभाव कुठला, झोप उडालीय!)

पगार जास्त मिळतो, त्याचं काय? स्टुट्झर आणि फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या माहितीवरून 2008 मध्ये दाखवलं, की प्रवास लांबला की समाधान घटतं. पगाराने ती घट पुरती भरून निघत नाही.

उदासी, कामात मन न लागणं दोन आठवडे टिकलं तर ‘थकवा’ म्हणून सोडू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्रपाळी सुटल्यावरही तो चालूच असतो.