पत्त्याचा घोळ आणि परत येणारी पार्सलं : आमच्याकडे बुकिंग करणाऱ्या सगळ्यांसाठी

नमस्कार मंडळी. चपला, कांदा-लसूण मसाला, गूळ, साड्या, फराळ असं काय काय तुम्ही व्हॉट्सॲपवर नाहीतर इन्स्टावर विकता आणि पार्सल आमच्या कोल्हापूरच्या काउंटरला आणून देता. त्यातली जी परत येतात ना, ती माल आवडला नाही म्हणून फार थोडी येतात, बरीचशी पत्त्यापायी येतात. आणि पत्ता ही गोष्ट अशी आहे की लेबल चिकटवायच्या आधी पाच मिनिटांत नीट होते, नंतर पंधरा दिवस फोन करत बसलं तरी होत नाही. म्हणून हे लिहून देतोय, दुकानात भिंतीला लावून ठेवा.

आधी आमचीच चूक सांगतो. मागच्या दिवाळीत एका ताईंनी चकलीचा डबा आणून दिला, चिठ्ठीवर नाव, गल्ली आणि पुढं नुसतं ‘वडगाव’. पिनकोड नाही, तालुका नाही. काउंटरवर गर्दी होती, आमच्या मुलानं अंदाजानं पुण्याच्या वडगाव बुद्रुकचा ४११०४१ टाकला. गिऱ्हाईक निघालं पेठ वडगावचं, ४१६११२, म्हणजे आमच्या दारातून गाडीवर अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. डबा पुण्याला गेला, तिथं फिरला, परत आला, आणि ताईंनी आमच्यासमोरच उघडला तर वरच्या थराची निम्मी चकली भुगा झालेली, पिशवीत तेल उतरलेलं. भाडं आम्ही सोडलं, पण त्या माणसाची दिवाळी काही परत येणार नव्हती. तेव्हापासून पिनकोड अंदाजानं टाकायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, तुम्ही कितीही घाई केली तरी.

वडगाव एक नाही. वडगाव शेरी आहे, वडगाव मावळ आहे, शिवाय जिल्ह्याजिल्ह्यात आणखी आहेत. बुद्रुक आणि खुर्द हा तर वेगळाच गोंधळ, लोक लिहिताना ते शेपूट गाळतात, गावात सगळ्यांना माहीत असतं म्हणून. पण पार्सल गावातनं निघत नाही ना. त्यामुळं गावाचं नाव ओळखीचं वाटलं तरी तालुका आणि जिल्हा विचाराच.

पिनकोडचं थोडं समजून घ्या, एकदा समजलं की अर्ध्या चुका तुम्हालाच दिसतील. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली, त्यामागं श्रीराम भिकाजी वेलणकर होते, आपले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. कारणही हेच होतं, एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले पत्ते. सहा आकड्यांतला पहिला मोठा विभाग सांगतो, महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही ४ मध्ये. पहिले तीन मिळून साधारण जिल्ह्याचा भाग कळतो, ४०० मुंबई, ४११ पुणे, ४४० नागपूर, ४०३ गोवा, ४१६ मध्ये आपलं कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग. शेवटचे तीन म्हणजे वाटप करणारं पोस्ट ऑफिस. म्हणजे चिठ्ठीवर जिल्हा नागपूर आणि पिनकोड ४११ नं सुरू होत असेल तर तिथंच थांबायचं आणि फोन लावायचा. दोन्हीतलं कुठलं खरं हे आपण ठरवायचं नाही.

खेडेगावातल्या पत्त्यात मु. आणि पो. हे नीट बघा, यात फार जण चुकतात. ‘मु. पो.’ एकत्र लिहिलं म्हणजे त्या गावातच पोस्ट आहे. मु. एक गाव आणि पो. दुसरं गाव असेल तर माणूस राहतो पहिल्या गावात, पण टपाल येतं दुसऱ्या गावच्या पोस्टातनं, आणि पिनकोडही त्या दुसऱ्याचाच. तुम्ही पत्ता इंग्रजीत टाइप करताना सगळ्याला ॲट पोस्ट करून टाकता आणि एक गाव गळून जातं. दोन्ही गावं लिहा, जागा पुरत नसेल तर बाकीचं कमी करा पण हे नको.

जिल्ह्यांची नावं बदलली त्यावरून पण विचारणा होते. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर, पण पिनकोड तेच आहेत. कुरियरच्या यादीत जुनं नाव दिसलं तर घाबरायचं कारण नाही, पिनकोड बरोबर तर पार्सल जातं.

आता फोन नंबर. पत्ता शंभर टक्के बरोबर असला तरी डिलिव्हरीवाल्या पोरानं लावलेला फोन लागला नाही तर पार्सल परत फिरू शकतं. ऑर्डर देणारा एक आणि घेणारा दुसरा असं तुमच्याकडे कायम होतं, मुलगा अमेरिकेत, त्यानं आईसाठी साताऱ्याला साडी मागवली, आणि लेबलवर नंबर मुलाचा अमेरिकेतला. साताऱ्यातला पोरगा त्या नंबरला फोन लावणार नाही. आईचाच नंबर घ्या, आणि त्यांना आधी कल्पना द्या, नाहीतर माऊली दारातनंच सांगतात की आम्ही काही मागवलं नाही. हे खरंच होतं.

लोकेशनवर फार भरवसा ठेवू नका. गिऱ्हाईक ऑफिसात बसून करंट लोकेशन पाठवतं आणि पत्ता घरचा असतो. शिवाय ते लोकेशन तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये राहतं, लेबलवर ते छापून जात नाही. पोस्टानं २०२५ मध्ये डिजिपिन काढलाय, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांचा कोड, कुणी दिला तर पत्त्याखाली जरूर लिहा, पण पत्त्याच्या जागी नको. त्यापेक्षा चांगली खूण विचारा. ‘मारुती मंदिराजवळ’ याला खूण म्हणत नाहीत, गावात दोन-तीन असतात. ‘दूध डेअरीसमोरच्या बोळात दुसरं घर, निळं गेट’ ही खूण.

ऑर्डर पक्की झाली की हा मेसेज कॉपी करून पाठवत जा: ‘ताई, पार्सल उद्या निघतंय. पत्ता असा लिहिलाय, एकदा वाचून बरोबर आहे का सांगा, घरी कोण असेल त्यांचा नंबर आणि अजून एक नंबर द्या.’ आणि उत्तर आल्याशिवाय पार्सल आणू नका, एक दिवस उशीर परवडतो. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर नुसता मेसेज नको, बोलूनच घ्या.

अॅमेझॉनसारख्या साइटवर विकत असाल तर गोष्ट वेगळी. तिथं ऑर्डरवर जो पत्ता दिसतो तिथंच पाठवायचं. गिऱ्हाईक मेसेज करून म्हणालं की दुसरीकडे पाठवा तर प्रेमानं सांगा, ही ऑर्डर कॅन्सल करून नवीन पत्त्यावर परत टाका. बाहेरच्या देशातनं पेपालवर पैसे घेणाऱ्यांनी तर हे अजिबात मोडायचं नाही, व्यवहारात दिसणाऱ्या पत्त्याऐवजी दुसरीकडे पाठवलं आणि नंतर त्यानं माल मिळाला नाही म्हटलं तर विक्रेत्याचं संरक्षण मिळत नाही. माल पण जातो आणि पैसे पण. तसंच पैसे आले एका नंबरवरून आणि पत्ता बदलायचा मेसेज दुसऱ्या नंबरवरून, असं झालं तर पहिल्या नंबरला फोन केल्याशिवाय काही करू नका.

पार्सल निघून गेल्यावर कळलं तर? तर लगेच आम्हाला सांगा, संध्याकाळपर्यंत थांबू नका, गाडी निघाली नसेल तर आम्ही बाजूला काढून ठेवतो. गाडी गेली असेल तर त्याच पिनकोडातली दुरुस्ती, म्हणजे घर नंबर, खूण, दुसरा फोन, ही बहुतेक वेळा होते. पिनकोडच बदलायचा असेल तर बहुतेक कुरियर ऐकत नाहीत, पार्सल मागं बोलवून नव्यानं बुक करावं लागतं. ‘डिलिव्हरी झाली नाही’ असा मेसेज आला की त्याच दिवशी उत्तर द्यायचं. कुरियर दोन-तीन चकरा मारतं आणि मग आरटीओ, म्हणजे रिटर्न टू ओरिजिन, लावून टाकतं, एकदा ते लागलं की थांबवणं अवघड. स्पीड पोस्टाचं असेल तर पावती जपा, तिच्याशिवाय आम्हालाही पोस्टात बोलता येत नाही.

दुसऱ्यांदा पाठवायचं भाडं कुणी द्यायचं यावरून भांडणं होतात. आमचं मत सरळ आहे, चूक लिहिणाऱ्याची. पत्ता गिऱ्हाईकानं चुकीचा दिला असेल तर फक्त भाडं मागा, दंड लावल्यासारखं बोलू नका, तो मेसेज दाखवा ज्यात त्यांनी ‘बरोबर’ म्हटलंय. तुम्ही टाइप करताना चुकला असाल तर तुम्ही, आमच्या काउंटरवर चुकलं असेल तर आम्ही.

तुमच्या गिऱ्हाईकांना एक जरूर सांगा: ‘पत्ता अपूर्ण आहे, लिंकवर दुरुस्त करा’ असे पोस्टाच्या नावानं मेसेज फिरतात, ते फसवे असतात. पत्त्याबद्दल काही असेल तर तुम्ही स्वतः फोन करणार, लिंक पाठवणार नाही, हे आधीच बोलून ठेवा. आणि पॅकिंगचे फोटो स्टेटसला टाकता तेव्हा लेबल झाका, त्यावर एखाद्या बाईचं नाव, घर आणि नंबर असतो.

जुना बॉक्स वापरलात तर जुनं लेबल खरवडून काढा, मशीन जुना बारकोड वाचतं. पावसाळ्यात पेनानं लिहिलेल्या पत्त्यावर सेलोटेप पूर्ण फिरवा. पत्त्याची एक चिठ्ठी बॉक्सच्या आत पण टाका, बाहेरचं लेबल फाटलं तर तीच कामाला येते.

काउंटर सकाळी १० ला उघडतं, गाडी संध्याकाळी ५ ला निघते. पत्त्याबद्दल जराही शंका असलेली पार्सलं ३ च्या आत आणा, म्हणजे इथनंच गिऱ्हाईकाला फोन लावून विचारता येईल, फोन आमचा वापरा.