नणंद तीच काकू: बून आणि ब्रायन घराण्यांचा डीएनए गुंता

डीएनए टेस्टच्या जाहिराती तुम्ही पाहिल्याच असतील. नळीत थुंका, पोस्टाने पाठवा, आणि थोड्या आठवड्यांत तुमचे माहीत नसलेले नातेवाईक लिस्टमध्ये हजर. अमेरिकेत याचं भलतंच वेड आहे, आणि तिथे बऱ्याच घरांत "आपण डॅनिएल बूनच्या खानदानातले" अशी एक गोष्ट आजीपासून चालत आलेली असते. मग टेस्ट होते, वेबसाइट सांगते की अमुक माणसाशी तुमचा 60 सेंटीमॉर्गन (हे डीएनएचं माप, नीट पुढे बघू) डीएनए जुळतो, म्हणजे तो तुमचा अमुक पिढीतला चुलत, आणि लोक ते थेट फॅमिली ट्रीमध्ये चिकटवून मोकळे.

इथेच घोळ आहे. तो आकडा नातं किती जवळचं ते सांगत नाही, तर दोन माणसांमध्ये नात्याचे जेवढे रस्ते आहेत त्या सगळ्यांची बेरीज सांगतो. रस्ता एकच असेल तर ठीक, पण 18व्या शतकातल्या सरहद्दीवरच्या घराण्यांत रस्ता एक कधी नसतोच.

डॅनिएल बून म्हणजे केंटकीत गोऱ्यांची वस्ती नेणारा तो प्रसिद्ध शिकारी, 1775 मध्ये कंबरलँड गॅप या डोंगरखिंडीतून वाट पाडून बून्सबरो वसवणारा. जन्म 1734, पेनसिल्व्हेनियातला, घर क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. मुलांनी पंथाबाहेर लग्नं केली म्हणून वडिलांचं, स्क्वायर बूनचं, पंथातल्या मंडळींशी बिनसलं आणि 1750 मध्ये सगळं कुटुंब गाशा गुंडाळून निघालं ते नॉर्थ कॅरोलिनातल्या याडकिन नदीच्या खोऱ्यात जाऊन थांबलं. तिथे मॉर्गन ब्रायन नावाच्या माणसाचं मोठं खटलं आधीच जमीन धरून बसलेलं होतं. शेजार म्हणावा असा तोच, पुढे जंगल आणि मूळ रहिवाशांचा मुलूख. लग्नाची मुलं-मुली कुठून येणार, याच घरातून त्या घरात.

आता नीट बघा. डॅनिएलने 1756 मध्ये मॉर्गनची नात रिबेका ब्रायन केली, आणि लग्न लावलं स्वतः रिबेकाच्या सासऱ्याने, कारण स्क्वायर बून तिथला जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक न्यायाधीश होता. डॅनिएलचा भाऊ एडवर्ड, ज्याला सगळे नेड म्हणायचे, त्याने रिबेकाची बहीण मार्था केली, म्हणजे बहिणीच एकमेकींच्या जावा आणि भाऊच एकमेकांचे साडू. शिवाय डॅनिएलची बहीण मेरी ब्रायनांकडे दिली, तीही रिबेकाच्या सख्ख्या काकाला, विल्यमला. म्हणजे रिबेकाची नणंद तीच तिची काकू! आपल्याकडच्या साटंलोटं करणाऱ्या घरांनाही एवढं जमलं नसतं.

पुढच्या पिढीचं गणित मांडू. सख्ख्या भावंडांचा सरासरी 50 टक्के डीएनए एक असतो, चुलत-मावस-आते-मामे भावंडांचा 12.5 टक्के. पण डॅनिएलची मुलं आणि नेडची मुलं बापाकडून चुलत आणि आईकडून मावस, त्यामुळे 12.5 अधिक 12.5, झाले 25 टक्के, म्हणजे जेवढा सावत्र भावंडांचा असतो तेवढा. आणि मेरीच्या मुलांशी? बूनकडून आतेभावंडं, 12.5. ब्रायनकडून मेरीची मुलं ही रिबेकाची चुलत भावंडं, म्हणजे डॅनिएलच्या मुलांची एक पिढी वरची, 6.25. बेरीज 18.75 टक्के, आणि हा आकडा नेहमीच्या नात्यांच्या तक्त्यात कुठेच सापडणार नाही. कॉम्प्युटरला विचारलं तर तो जवळचा खण बघून त्यात टाकून देतो.

सावत्र भावंडं की दुहेरी चुलत, हे ओळखायची मात्र एक सुंदर युक्ती आहे. आपल्या शरीरात प्रत्येक क्रोमोसोम, म्हणजे डीएनएचा लांब धागा, दोन प्रतींत असतो, एक आईची एक बापाची. सावत्र भावंडांचा एकच पालक समान, त्यामुळे कुठल्याही ठिकाणी फार तर एक प्रत जुळणार. दुहेरी चुलतांच्या मात्र दोन्ही बाजू समान, म्हणून साधारण 16व्या हिश्श्यात दोन्ही प्रती एकदम जुळलेल्या दिसतात. बेरीज तीच, पण ठसा वेगळा. मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे, की नुसत्या आकड्याच्या खाली उतरलं की डीएनए बरंच काही बोलतो.

तर उतरूया. लोकांना वाटतं पूर्वजांचा डीएनए दर पिढीला दुधात पाणी घातल्यासारखा पातळ होत जातो. तसं होत नाही, तो तुकड्यांनी जातो. स्त्रीबीज किंवा शुक्रजंतू तयार होताना आईकडून आलेला आणि वडिलांकडून आलेला क्रोमोसोम शेजारी येतात, मोजक्या ठिकाणी तुटतात आणि एकमेकांचे तुकडे बदलून जोडले जातात, आणि मग त्या मिश्र क्रोमोसोमची एकच प्रत पुढे जाते. क्रोमोसोमवरची दोन ठिकाणं एका पिढीत अशी तुटून वेगळी व्हायची शक्यता 1 टक्का असेल तर त्यांच्यातलं अंतर 1 सेंटीमॉर्गन. म्हणजे हे फुटपट्टीचं अंतर नाहीच, तुटण्याच्या शक्यतेचं माप आहे. (ज्याच्या नावाने हे माप आहे तो जनुकशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन 1866 मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला जन्मला, म्हणजे ब्रायन मंडळींनी जिथे आपलं ब्रायन्स स्टेशन ही तटबंदीची वस्ती उभी केली त्याच्या अगदी जवळ. मापाला त्याचं नाव दिलं ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेनने, जो पुढे 1957 मध्ये भारतात आला, भारतीय नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला.)

आता समजा 10 सेंटीमॉर्गनचा एक तुकडा आहे. तो पुढच्या पिढीत मधे न तुटता राहायची शक्यता साधारण 90 टक्के, पण मुळात पोचायची शक्यता निम्मीच, कारण दोन प्रतींतली एकच पुढे जाते. म्हणून लहान तुकडा एक तर जवळजवळ अख्खा पोचतो नाहीतर साफ गायब होतो. त्यामुळे जुन्या पूर्वजांपैकी कित्येकांचा एकही तुकडा आपल्यात नसतो, ते कागदावर पूर्वज असले तरी, आणि काहींचा एखादा तुकडा मात्र दोन-अडीचशे वर्षं टिकून असतो.

आणि घराणी आपसात लग्नं करत राहिली की काय होतं? तुकडे लांब होत नाहीत, तुकड्यांची संख्या वाढते. तुमच्या लिस्टमध्ये दोन माणसं आहेत, दोघांशी 60 सेंटीमॉर्गन जुळतंय. एकाशी दोनच तुकडे, 38 आणि 22. दुसऱ्याशी पाच-सहा, प्रत्येक जेमतेम 10 ते 12. पहिला बहुतेक खरंच जवळचा आहे, एखादा समान खापरपणजोबा वगैरे. दुसऱ्याशी नातं खूप जुनं असून पाच-सहा वाटांनी आलेलं असू शकतं, आणि वेबसाइट दोघांना एकच लेबल लावते. म्हणून बेरीज बघू नका, सगळ्यात लांब तुकडा बघा. आणि 7 सेंटीमॉर्गनच्या खालच्या तुकड्यांवर तर विश्वासच ठेवू नका, त्यातले बरेच योगायोगाने जुळलेले असतात.

आता या गुंत्यातला खरा कस लागणारा प्रश्न. डॅनिएलची मुलगी जेमायमा, जन्म 1762. हीच ती, जिला 1776 च्या जुलैमध्ये कॅलवे घराण्यातल्या दोन बहिणींसोबत शॉनी आणि चेरोकी या मूळ रहिवाशांच्या जमातींतल्या लोकांनी पळवलं आणि बापाने माग काढून सोडवून आणलं. (मग जेमायमाचं लग्न कॅलवे घराण्यातल्याच फ्लँडर्सशी झालं, गुंत्यात आणखी एक धागा.) तिच्याबद्दल एक जुनी वदंता आहे. डॅनिएल लांब शिकारीवर असताना ती जन्मली, खरा बाप नेड, आणि डॅनिएलने हे कळूनही तिला आपली म्हणून वाढवलं. 19व्या शतकात लायमन ड्रेपर नावाच्या इतिहास-संग्राहकाने म्हाताऱ्या लोकांना भेटून बून घराण्याच्या आठवणी गोळा केल्या, त्यांतही ही गोष्ट येते, पण सांगणारे बदलले की तपशील बदलतात.

लोक सर्रास म्हणतात, डीएनएने एका दिवसात निकाल लागेल. बघूया हं. बापाकडून मुलाला जाणारा वाय क्रोमोसोम बाद, तो मुलींना मिळतच नाही, आणि मिळाला असता तरी दोघा भावांचा एकच. आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए बाद, कारण आई रिबेका याबद्दल वादच नाही. राहिला बाकीचा डीएनए. बाप डॅनिएल असेल तर जेमायमा आणि रिबेकाची इतर मुलं सख्खी, 50 टक्के, आणि नेड-मार्थाच्या मुलांशी दुहेरी चुलत, 25 टक्के. बाप नेड असेल तर? रिबेकाच्या मुलांशी आईकडून सावत्र 25 अधिक बापाकडून चुलत 12.5, झाले 37.5. आणि नेडच्या मुलांशी बापाकडून सावत्र 25 अधिक आईकडून मावस 12.5, तेही 37.5! म्हणजे सगळा वाद 50-25 की 37.5-37.5 एवढाच आहे. ती माणसं समोर बसलेली असती तर हा फरक दुपारपर्यंत कळला असता.

पण आज टेस्ट करणारे दोन्हीकडून सहा पिढ्या खाली आहेत. प्रत्येक पिढीला निम्मं, दोन्ही बाजू धरून बारा वेळा, म्हणजे भागिले 4096. माणसाचा एकूण डीएनए, दोन्ही प्रती मिळून, साधारण 6800 सेंटीमॉर्गन धरला तर सख्ख्यांच्या वंशजांत सरासरी 0.83 आणि 37.5 वाल्यांच्या वंशजांत सरासरी 0.62 जुळणार. वाचता येण्याची मर्यादा 7! हे सरासरीत झालं, प्रत्यक्षात बहुतेक जोड्यांत शून्य आणि एखाद्यातच एकदम 12-15 चा तुकडा. त्यात ब्रायनांकडून दुसऱ्या वाटेने आलेले तुकडे मिसळले की 0.83 आणि 0.62 मधला फरक शोधणं जवळजवळ अशक्य, हजारो वंशज गोळा केले तरी.

एखादा तुकडा बूनचा की ब्रायनचा, हे मात्र काढता येतं. त्यासाठी ब्रायनांत लग्न न केलेला बून लागतो. डॅनिएलचा धाकटा भाऊ, तोही स्क्वायरच, त्याने व्हॅन क्लीव्ह घराण्यातली जेन केली. त्याच्या वंशजात तोच तुकडा त्याच जागी सापडला तर तो बूनांकडून आलेला, नुसत्या ब्रायन वंशजात सापडला तर ब्रायनांचा. अट एवढीच की मधल्या दोनशे वर्षांत या दोन वंशजांच्या घरांत पुन्हा सोयरीक झालेली नसावी, आणि ते तपासायला कागदच लागतात.

कागदांची तऱ्हा वेगळीच. केंटकीची 1790 आणि 1800 ची जनगणना नष्ट झालीय, म्हणून लोक टॅक्सच्या याद्यांवरून काम भागवतात. 1850 च्या आधीच्या जनगणनेत घरच्या कर्त्याचंच नाव, बाकीचे नुसते वयोगटाच्या रकान्यातले आकडे. त्यात नावंही तीच तीच, डॅनिएल, सॅम्युएल, स्क्वायर, मॉर्गन. जुन्या कागदात "ज्युनिअर" लिहिलं म्हणजे मुलगाच असं नाही, त्याच गावात त्याच नावाचा वयाने लहान पुतण्याही ज्युनिअर. बायकांची नावं सापडतात ती जमीन विकताना, कारण नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचा विधवा म्हणून हक्क असायचा, तो सोडल्याची नोंद लागायची. आणि लग्नाच्या बाँडवर, म्हणजे लग्नाआधी लिहून द्यायच्या हमीपत्रावर, जामीन म्हणून सही करणारा बऱ्याचदा मुलीचा बाप किंवा भाऊ. अनुभवी माणूस नवरा-नवरीच्या आधी जामिनाचं नाव वाचतो.

जाता जाता, आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं ते "एक नाडी म्हणजे एकच डीएनए, ऋषींना जेनेटिक्स माहीत होतं" वालं. नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून. सख्ख्या भावंडांची नाडी खुशाल वेगळी निघते, ज्यांचा निम्मा डीएनए एक असतो. आणि गोत्र बापाच्या बाजूने चालतं, म्हणून मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं, 12.5 टक्के डीएनए एक असूनही. कोणाला पाळायचं असेल त्यांनी पाळावं, पण त्याला जेनेटिक्स म्हणू नका.

जेमायमाच्या प्रश्नावर शेवटचा उपाय उरतो तो हाडांचा, जुन्या हाडांतून डीएनए काढायचं तंत्र आता चांगलंच पुढे गेलंय. पण डॅनिएल 1820 मध्ये मिझुरीत वारला आणि त्याला पुरलं रिबेकाशेजारी, ब्रायनांच्याच एका घराच्या दफनभूमीत. 1845 मध्ये केंटकीवाल्यांनी दोघांचे अवशेष उकरून केंटकीतल्या फ्रँकफर्टला नेले, आणि मिझुरीवाले तेव्हापासून सांगतायत की तुम्ही भलत्याच माणसाला उचलून नेलंत. म्हणजे आधी हाडं डॅनिएलची आहेत हे सिद्ध करायचं, आणि ते करणार कशावरून, तर वंशजांच्या डीएनएवरून, ज्यातल्या जेमायमाच्या वंशजांना या कामाला धरता येत नाही कारण वाद त्यांच्याबद्दलच आहे. डॅनिएलच्या मुलांपासून सरळ बाप-मुलगा असा आलेला एखादा बून घ्यावा आणि वाय क्रोमोसोम जुळवावा, तर तो नेडच्या हाडांशीही तितकाच जुळेल.